पंचवीस मिनिटं कुणाच्या नावावर

सरुअक्काच्या नावावर पंचवीस मिनिटं लावली गेली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. माझा राग होता तिथेच आहे. रोज संध्याकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लावते, त्रिसरण म्हणते, पंचशील घेते. त्या पाचांत रागाचं नाव कुठे येत नाही, मी नीट तपासलं. तेव्हा राग धरून लिहायला हरकत नसावी.

सरुअक्का माझी नणंद, आमच्या ह्यांची, सूर्यभानची, थोरली बहीण. वय चोपन्न. माहेर आणि सासर दोन्ही देगलूर तालुक्यात, मधे एक ओढा. एकोणतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरी मूल नाही. सासरच्यांनी एक ट्रंक दिली आणि ओढ्याच्या अलीकडे आणून सोडलं. ह्यांनी तिला हैदराबादला आणलं तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि नल्लकुंट्यात आमच्या दोनच खोल्या होत्या. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आठव्या दिवशी तिनं बरकतपुऱ्यात तीन घरची धुणीभांडी धरली आणि मला म्हणाली, "गीता, मी हितं राहायला आलेय, बसायला नाही." पुढच्या वर्षी तेजश्री झाली. तिला अंघोळ घातली अक्कानं, चालायला शिकवलं अक्कानं, शाळेत सोडलं अक्कानं. मी फक्त आई होते.

चौदा वर्षं धुणीभांडी केल्यावर ती शमशाबादच्या विमानतळावर लागली, एका ठेकेदाराकडे. लोकांना वाटतं, विमानतळावर काम म्हणजे फरशा पुसणं. तसं नाही. विमान येतं, माणसं उतरतात, आणि दुसरी माणसं चढायच्या आत ज्या तीन-चार बाया पिशव्या घेऊन आत शिरतात, त्यांतली एक अक्का. खुर्च्यांच्या पाठचे खिसे रिकामे करायचे, खाली सांडलेलं उचलायचं, ट्रे पुसायचे, आणि प्रत्येक खुर्चीवर पट्ट्याची दोन टोकं एकावर एक ठेवायची. येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे आधी कुणी बसलंच नव्हतं. मोठ्या विमानाला बारा मिनिटं, नांदेडच्या छोट्या विमानाला आठ.

ही वेळ कागदावरची. विमानाला उशीर झाला की तो कुणीतरी भरून काढायचा असतो. पायलट काढत नाही, पेट्रोलवाला काढत नाही, सामानवाला काढत नाही. तो बायांच्या आठ मिनिटांतून निघतो. आठाची सहा होतात, सहाची चार. चार मिनिटांत शहात्तर खुर्च्या. मी घरी चार मिनिटांत एक पलंग आवरून पाहिला आहे.

अकरा वर्षांत अक्का किती हजार वेळा विमानात चढली, तिलाही सांगता येणार नाही. दार लागताना मात्र ती एकदाही आत नव्हती.

कचऱ्यावरून ती गाव ओळखते. तिरुपतीहून आलेल्या विमानात लाडवाचा चुरा, दिल्लीच्यात कॉफीचे कप, नांदेडच्यात भुईमुगाची टरफलं. बाकीच्या बाया टरफलांना शिव्या देतात. अक्का म्हणते, "देऊ नका गं. माझ्या गावची माती हाये ती." त्या बाया तिला नांदेड अक्का म्हणतात. सकाळचं नांदेडचं विमान तिनं कधी दुसऱ्या कुणाला झाडू दिलं नाही.

आता वहीचं सांगते, कारण पुढचं सगळं वहीमुळे झालं.

मी रोज वही लिहिते. दूध किती आलं, कोण येऊन गेलं, वंदनेला काय वाचलं, असलंच. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तेजश्री ऑफिसातून आली आणि आत्याला फोन दाखवत म्हणाली, "बघ आत्या, तुझं नांदेड टू हैदराबाद. डिस्टन्स अडीचशे किलोमीटर. फ्लाइट टाइम वन अवर. इथे क्लिअर लिहिलंय."

"लिहू दे की," अक्का म्हणाली. "ते हवेत चाळीस मिनिटं बी राहत नाही."

"मग वन अवर काय उगाच टाकलंय?"

"ती वरची वीस मिनिटं कुठं जायलीत, ते तुझ्या मोबाईललाच इचार. मी खाली हुबी ऱ्हाते, मला दिसतंय."

"बेट लाव."

लागली पैज. हरणाऱ्यानं रविवारी मिरची भजी आणायची. विमान नांदेडहून उडाल्याची वेळ तेजश्री फोनवर बघायची. इथे टेकल्याची वेळ अक्का मनगटावरच्या घड्याळात बघायची. ते घड्याळ तिच्या नवऱ्याचं, चावीचं. ट्रंकेतून तेवढंच तिनं बाहेर काढलं होतं. पंच मी. त्या दिवसापासून माझ्या वहीत दुधाच्या खाली चार आकडे येऊ लागले: उडालं, टेकलं, दार उघडलं, झाडायला किती मिळाली. आठ महिने झाले. हवेत कधी छत्तीस, कधी एकोणचाळीस. तेजश्री पहिल्याच आठवड्यात हरली, पण आकडे लिहायची सवय लागून गेली. अक्का चार वाजता घरी यायची, पाय धुवायची, आणि चहाच्या आधी म्हणायची, "लिही."

अक्काला घरून विमानतळावर पोचायला पावणेदोन तास लागतात. चादरघाटपर्यंत चालत, तिथून ठेकेदाराची गाडी, ती गाडी आणखी चार ठिकाणी थांबत जाते. यायला तेवढेच. नांदेडचा माणूस एका तासात शहरात येतो हे जे फोनवर लिहितात, त्यांनी नल्लकुंट्याहून शमशाबादचंही एकदा लिहावं.

त्या मंगळवारी अक्का हसतच घरी आली. पायही धुतले नाहीत.

"गीता, आज काय झालं माहीत हाये का? आपल्या मुखेडकडची एक म्हातारी विमानातून उतरंना."

झालं होतं ते असं. विमान वेळेवर, नऊ-चाळीसला निघालं, नऊ-बावन्नला उडालं, दहा-तीसला टेकलं. अडतीस मिनिटं. पण उभं राहायच्या जागी दुसरं विमान होतं, म्हणून ते बाजूला थांबून राहिलं आणि दार उघडलं दहा-सेहेचाळीसला. सात मिनिटांत माणसं उतरली. एक राहिली. चौदाव्या रांगेत खिडकीपाशी एक म्हातारी, नऊवारी, मांडीवर पिशवी. तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितलेली होती आणि खुर्ची आलेली नव्हती. खुर्ची येईतो दारापर्यंत चला म्हणून हवाईसुंदरीनं तिला उठवायला पाहिलं, तर म्हातारीनं पुढची खुर्ची दोन्ही हातांनी धरली. हवाईसुंदरीला मराठी येईना, म्हातारीला दुसरं काही येईना. शेवटचं माणूस उतरल्याशिवाय झाडणाऱ्या बायांनी वर जायचं नाही, असा नियम. सगळ्या शिडीखाली उभ्या. हवाईसुंदरीनं दारातून विचारलं, "मराठी किसको आती?" आणि अक्का वर गेली. दहा-पंचावन्न. तिनं घड्याळ बघितलं होतं, कारण तिला वाटलं, आजची आठ मिनिटं गेली.

म्हातारीचं नाव चतुराबाई. अक्कानं मला दोघींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"माय, उतरा की. हैदराबाद आलं."

"मला येडी समजायलीस का? हैदराबाद सहा घंट्यांवर हाये. मी चार डाव आलेय, रेल्वेनं. हे निजामाबाद असंल."

"निजामाबाद नाही ओ."

"मंग बासर असंल. माझ्या लेकानं सांगितलंय, हैदराबाद येईस्तवर जागची हलू नको. आत्ताशी तर बसले. पिशवीतली भाकर बी सोडली नाही."

मुखेडहून नांदेडला यायला चतुराबाईंना मोटारीनं दोन तास लागले होते. आणि नांदेडहून हैदराबाद अडतीस मिनिटांत. कोण विश्वास ठेवील? मीसुद्धा ठेवला नसता.

अक्का शेजारच्या खुर्चीवर बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा विमानाच्या खुर्चीवर बसली, हे तिनं मला हळूच सांगितलं. म्हणाली, "माय, माझ्याकडं बघा. मी देगलूरकडची, राहते नल्लकुंट्याला. हा झाडू हैदराबादचा हाये. मी रोज पहाटं उठून निजामाबादला झाडायला कामून जाईन?"

चतुराबाईंनी झाडूकडे बघितलं. मग अक्काच्या गळ्यातल्या पासकडे. मग म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

तिथून पुढे काय, ओढा, सासर, कोण कुठे दिलेली, सगळं निघालं. तीन मिनिटांत म्हातारी उतरायला तयार झाली. पण खुर्ची कुठे होती? खुर्ची आली अकरा-सातला. तोवर चतुराबाईंनी अक्काचा हात सोडला नाही आणि अक्कानं तो सोडवला नाही. अकरा-नऊला म्हातारी खाली गेली, अकरा-पंधराला अक्का आणि बाया झाडून बाहेर आल्या. सहा मिनिटं. अकरा-दहाला पुढे निघायचं विमान अकरा-पस्तीसला निघालं.

खुर्ची घेऊन धावत आला तो प्रशांत. हा अक्काचा सुपरवायझर, भैंशाकडचा मराठी मुलगा, तिशीचा. त्या आठवड्यात खुर्च्यांचंही त्याच्याकडेच होतं. तो घामाघूम झालेला. शिडीखाली अक्काला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, माझ्या ध्यानातूनच गेलं हो. कालच सांगून ठेवलं होतं मला. कुणाला बोलू नका." अक्का म्हणाली, "नाही बोलत." मला सांगताना म्हणाली, "तू घरची हायेस, तुला सांगितलं तर चालतंय."

मी सगळं लिहिलं. निजामाबाद लिहिताना मला इतकं हसू आलं की ओळ वाकडी गेली. शेवटी हेही लिहिलं: प्रशांत खुर्ची विसरला, अक्कानं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. पोरगा चांगला आहे, मावशी म्हणतो.

माझ्या हातानं लिहिलं आहे. चांगला आहे.

गुरुवारी अक्का एक कागद घेऊन आली. इंग्रजी. तेजश्रीनं वाचून सांगितला. विमान नांदेडहून वेळेवर, नऊ-चाळीसला सुटलं. नांदेड ते हैदराबाद प्रवासाची वेळ एक तास. म्हणजे विमान दहा-चाळीसला पोचलं. सफाई कर्मचारी सरुबाई दहा-पंचावन्नला आत जाताना आणि अकरा-पंधराला बाहेर येताना कॅमेऱ्यात दिसतात. छोट्या विमानाला वीस मिनिटं. आतमध्ये त्या प्रवाशाशी गप्पा मारत बसल्या होत्या. उड्डाणाला पंचवीस मिनिटं उशीर, कारण सफाई. खाली सही प्रशांतची. त्याच्या शेजारी रिकामी जागा, ती अक्काच्या सहीची. चूक मान्य.

तेजश्री म्हणाली, "आत्या, ह्यात वेटिंगचं काहीच नाही. व्हीलचेअरचं नाही. त्यानं गूगलवरचा वन अवर लावून हिशेब केलाय."

"त्याला ठाऊक नाही का विमान बाजूला हुबं होतं? तो तिथंच हुबा होता," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मला त्याचाही राग आला.

प्रशांतनं तिला सांगून पाठवलं होतं: "सही करा मावशी, पंधरा दिवस घरी आराम करा, मी परत घेतो. नाही केली तर पास पुढे जाणार नाही, माझ्या हातात काही नाही." अक्काचा पास महिनाअखेर संपत होता. ठेकेदारानं नाव पाठवलं नाही तर पास नाही, आणि पास नसलेल्या माणसाला तिथलं पहिलं फाटकसुद्धा ओलांडता येत नाही. चोपन्नाव्या वर्षी दुसरा कोण घेणार होता तिला? परत बरकतपुऱ्याची भांडी, आणि गुडघे असे.

ह्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "कर बाई सही. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

आणि मी काय म्हणाले? तेच लिहायला मला इतके दिवस लागले. मी म्हणाले, "करा अक्का. एक सही तर आहे. सगळेच करतात."

अक्का मेणबत्तीची वात खुडत होती, संध्याकाळची वेळ झाली होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

"गीता, बारा-तेरा वर्षं झाली, तू मला रोज हितं बसवायलीस. मला तर पाठ बी होत नव्हतं, तू करून घेतलंस. चौथं शील कोणतं?"

उत्तर तिनंच दिलं.

"खोटं बोलणार नाही. हेच की नाही? का ते फक्त मेणबत्ती जळेस्तवर?"

"मग जाऊन खरं सांगा ना मॅनेजरला. खुर्ची कोण विसरलं ते सांगा."

"ते बी येत नाही. त्याला नाही म्हणून शब्द दिलाय."

"त्यानं तुमचं नाव लिहून दिलं, अक्का. तुम्ही शब्द कसले पाळताय?"

"त्यानं काय केलं ते त्याचं. शब्द माझा हाये."

अशी ही बाई. खोटं लिहून देणार नाही, खरं सांगणार नाही, आणि नोकरी गेली तर ट्रंक आहेच. त्या दिवशी वंदनेत माझा आवाज इतका मोठा लागला की शेजारच्या अम्मांनी दार उघडून बघितलं.

शनिवारी ठेकेदाराच्या ऑफिसात तिला बोलावलं होतं. ऑफिस विमानतळात नाही, शमशाबाद गावात, एका टायरच्या दुकानावर. मी बरोबर जाते म्हटलं. अक्का म्हणाली, "तू कशाला? बोलशील काहीतरी." मी म्हटलं, "नाही बोलणार." पिशवीत पाण्याची बाटली ठेवली, डबा ठेवला, आणि डब्याखाली वही. हे अक्काला माहीत नव्हतं. हे खोटं बोलणं होतं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही.

बसनं नल्लकुंट्याहून कोटी, कोटीहून शमशाबाद, दोन तास दहा मिनिटं. बसायला जागा नाही. वरून एक विमान पोट दाखवत उतरत होतं. अक्कानं मान वर केली आणि घड्याळ बघितलं. म्हणाली, "बेंगळूरचं. लवकर आलंय." तिला त्या वेळीसुद्धा दुसरं काही सुचलं नाही.

मॅनेजर तेलुगू माणूस, पन्नाशीचा, वाईट नव्हता. टेबलावर तोच कागद. प्रशांत कपाटाला टेकून उभा. मला बघून म्हणाला, "मामी तुम्ही पण आल्या?" जशी मी हळदीकुंकवाला आले होते.

"साइन क्यों नहीं करते अम्मा?" मॅनेजरनं विचारलं.

"मेरी गलती नहीं है साब," अक्का म्हणाली.

"फिर किसकी है?"

अक्कानं पदर सारखा केला. मॅनेजरनं प्रशांतकडे बघितलं. प्रशांत म्हणाला, "साब, एक घंटे की फ्लाइट है, दस-चालीस को आ गई. कॅमेरा में मावशी बीस मिनट अंदर है. मैं क्या करूं?"

मावशी म्हणाला. त्या खोलीत उभं राहून, तोंडावर, मावशी. मी डबा काढला, टेबलावर ठेवला, आणि वही काढली.

अक्का पुटपुटली, "गीता, नको."

मी मंगळवारचं पान उघडून मॅनेजरपुढे सरकवलं. "इसमें सब टाइम लिखा है. उस दिन का, उसी दिन लिखा. आठ महीने का है."

त्यानं पानं उलटली. प्रत्येक पानावर आकडे बघितले, चार-चार, एकाखाली एक. त्याच्या कपाळाला आठी पडली. "ये तो मराठी है. कौन पढ़ेगा?"

इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या तेजश्रीलासुद्धा माझी वही वाचता येत नाही, म्हणून मी ती घरात कुठेही टाकते. त्या खोलीत मराठी वाचणारे अक्का, मी आणि पाचवीपर्यंत भैंशाच्या मराठी शाळेत गेलेला तो. मॅनेजर म्हणाला, "प्रशांत, पढ़."

त्यानं वही घेतली. बोट ठेवून वाचायला लागला, आधी मराठीत, मग हिंदीत. दूध एक लिटर. तूरडाळ संपली. तेजश्रीला शिंका. मॅनेजर म्हणाला, "आगे." उडालं नऊ-बावन्न. टेकलं दहा-तीस. बाजूला थांबलं. दार दहा-सेहेचाळीस. चतुराबाई. निजामाबाद. निजामाबादला मॅनेजर हसला. प्रशांतही हसला, आणि मला वाटलं, उठून त्याच्या हातातली वही ओढून घ्यावी. माझं हसू होतं ते. माझ्या घरातलं.

खुर्ची अकरा-सातला आली. म्हातारी अकरा-नऊला उतरली. झाडणं अकरा-नऊ ते अकरा-पंधरा. सहा मिनिटं. एवढं वाचून त्यानं वही मिटली.

"बस, इतना ही है साब."

मी म्हणाले, "एक ओळ राहिली."

अक्कानं टेबलाखालून माझ्या पावलावर पाय ठेवला. चांगला जोर देऊन.

"पढ़ो," मॅनेजर म्हणाला.

प्रशांतनं वही उघडली. त्याचं बोट त्या ओळीवर गेलं आणि थांबलं. तो अक्काकडे बघत होता. अक्का खिडकीतून टायरांकडे बघत होती. मग त्यानं वाचलं, मराठीत, खाली मान घालून: "प्रशांत खुर्ची विसरला, अक्कानं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. पोरगा चांगला आहे, मावशी म्हणतो." हिंदीत त्यानं सांगितलं नाही.

मॅनेजर हैदराबादचाच होता, मराठी कानावर पडलेला; खुर्चीला तर तेलुगूतही कुर्चीच म्हणतात. प्रशांत, खुर्ची, शब्द, एवढं त्याला कळायला हिंदी लागली नाही. तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसला. मग कागद उचलला आणि खणात टाकला. फाडला नाही, खणात टाकला.

"जाओ अम्मा. पास का मैं भेजता हूं."

उठताना मी वाट बघत होते, कुणी काहीतरी म्हणेल. चुकलं, माफ करा, काहीही. मॅनेजर फोनला लागला. प्रशांतनं वही बंद करून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

जिन्यात मला वाटलं, अक्का आता माझा हात धरेल. तिनं धरला नाही. बसमध्ये पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. कोटीला उतरल्यावर म्हणाली, "मी त्याला शब्द दिला होता. तू तुझ्या हातानं मोडलास."

"नोकरी वाचली ना तुमची."

"नोकरी माझी होती. तू मला इचारायचं होतंस."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, "मीठ दे," म्हणाली, आणि आमचं सुरू झालं.

पास आला. पण नवीन महिन्याच्या यादीत अक्काचं नाव विमानांवर नव्हतं. उतरणाऱ्या प्रवाशांच्या बाजूला, बायकांच्या स्वच्छतागृहात. कारण लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणे, वयाचा विचार करून. प्रशांत आहे तिथेच आहे, फक्त खुर्च्यांचं काम दुसऱ्याला दिलं. नांदेडचं विमान आता कुणी तरी मुलगी झाडते, तिला टरफलांचं काही वाटत नाही.

त्या स्वच्छतागृहाला खिडकी नाही. विमान टेकलेलं दिसत नाही. म्हणजे माझ्या वहीतला दुसरा आकडा गेला, तिसरा गेला, चौथ्याला तर काही अर्थच उरला नाही. तेजश्री फोन बघून नुसतं उडाल्याचं सांगते, मी लिहिते, आणि पुढे तीन जागा रिकाम्या सोडते. सोडतेच. ज्यांनी त्या रिकाम्या केल्या, त्यांच्यासाठी सोडते.

अक्का मला म्हणते, "तू कशाला जळायलीस? आता नांदेडची माणसं मला तोंडावर भेटायलीत. विमानात तर खुर्च्याच भेटायच्या." काल म्हणे तिला एक बाई भेटली, चतुराबाईंच्या भावकीतली. विचारत होती, निजामाबादला झाडणारी तूच का? मुखेडला सगळ्यांना माहीत झालंय.

मी हसले नाही. अक्का हसली, आणि माझं तोंड बघून आणखी हसली.

रोज वंदनेच्या शेवटी आम्ही सगळ्यांचं कल्याण मागतो. आधी घरातल्यांचं, मग शेजाऱ्यांचं, मग ओळखीच्यांचं, एकेकाचं नाव मनात घेऊन. ही रीत मीच अक्काला शिकवली. आता ओळखीच्यांत प्रशांतचं नाव येतं आणि मी थांबते. अक्का डोळे मिटलेले असताना शेजारून कोपर मारते.

"घे की," म्हणते.

मी मेणबत्तीकडे बघत राहते. ती पुन्हा कोपर मारते. एकोणीस दिवस झाले, माझ्या बरगडीला आता ती जागा दुखते.